आईचा क्रॉसबो आणि माझं भाषांतर

आमच्या घरात सकाळी सगळ्यांच्या आधी आईचा खांदा जागा व्हायचा. ती स्वतः अजून झोपेत असायची, पण कुशीवर वळताना तिच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि पातळ भिंतीपलीकडे माझ्या खोलीत मला ते स्वच्छ ऐकू यायचं. आदल्या हिवाळ्यात ओल्या पानांवरून तिची सायकल घसरली होती. हाड मोडलं नव्हतं, म्हणून गावातल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल घ्या आणि हात हलवत राहा असं सांगितलं. पुढे फिजिओथेरपी झाली, सांगलीहून आजीने पाठवलेलं तेल झालं, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, तरी उजवा हात खांद्याच्या वर काही जाईना. त्यामुळे आमचं सगळं स्वयंपाकघर हळूहळू खाली उतरलं. डाळींचे डबे ओट्यावर आले, कुकर खालच्या कपाटात गेला, पोळपाट जेवणाच्या टेबलावर आला, कारण तिथे बसून तिला डाव्या हाताचा जोर लावून लाटता यायचं. पोळ्या एका बाजूला जाड व्हायच्या. बाबा त्या जाड बाजूने आमटीत बुडवून खायचे. केस वर बांधणं तिला जमायचं नाही, म्हणून शाळेत जाण्याआधी मी तिला क्लिप लावून द्यायचे. लावताना माझी नजर मोबाइलवर असायची. "ओढतंय गं रुजू," ती म्हणायची, आणि मी डचमध्ये "हो हो, झालंच" म्हणायचे.

बाबा मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि आम्ही तिथून अर्ध्या तासावरच्या एका गावात राहत होतो. गाव म्हणजे एक चर्च, एक बेकरी, पेअरच्या बागा आणि त्यांच्या मागे चढत जाणारं जंगल. आई बाबांच्या व्हिसावर आलेली. तिकडे ती इचलकरंजीच्या कॉलेजात कॅरमची चॅम्पियन होती, पुढे बँकेत काउंटरवर बसायची, माणसांना तोंडावर चार शब्द सुनवायची. इकडे आल्यावर ती बोलायची ती माझ्यातून. खेमेन्टेचं, म्हणजे नगरपालिकेचं पत्र आलं की मी वाचायचे. डॉक्टरांच्या फोनवर मी, शाळेच्या पालकसभेत माझ्याच तक्रारी मीच तिला समजावून सांगायचे. ती डचच्या क्लासला जायची, घरी वही घेऊन बसायची, पण दुकानात कोणी भराभर बोललं की माझा कोपर धरायची. मला त्या धरण्याचा वैताग यायचा. आता लिहिताना वाटतं, एखाद्याचा आवाज आपल्या खिशात असणं ही किती मोठी सत्ता आहे, आणि पंधराव्या वर्षी ती माझ्या हाती किती सहज आली होती.

माझी स्वतःची म्हणून एकच जागा होती, ती म्हणजे जंगलाच्या कडेचा धनुर्विद्येचा क्लब. लाल विटांची एक बैठी खोली, तिच्यात मेणाचा, ओल्या पेंढ्याचा आणि सतत गरम ठेवलेल्या कॉफीचा वास. मागे मोकळं मैदान आणि पेंढ्याची जाडजूड लक्ष्यं. बाण पेंढ्यात शिरताना एक बुजरा, दबका आवाज येतो, तो मला जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा आवडायचा. तिथे मी कोणाची दुभाषी नव्हते. क्लबचं जॅकेट मी घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे, फोडणीचा वास लागू नये म्हणून. तिथले शिकवणारे आजोबा होते शेंग. हे तिकडचं खरंखुरं नाव आहे, त्या भागात घराघरांत असतं. पण आईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "भुईमुगाची की शेवग्याची?" तिने विचारलं, आणि त्या दिवसापासून ते आमच्या घरात शेंगकाका झाले. शेंगकाका फार कमी बोलायचे. बाण चांगला गेला तर मान हलवायचे, फारच चांगला गेला तर "मोय" म्हणायचे, म्हणजे सुंदर. तीन वर्षांत मला ते किती वेळा मिळालं होतं ते मला तोंडपाठ होतं.

क्लबात शरद ऋतू सुरू झाला की 'शिकार' असायची. या देशात धनुष्यबाणाने खरी शिकार करायला बंदी आहे, त्यामुळे आमची जनावरं फोमची होती. रानडुक्कर, हरीण, कोल्हा, एक कान तुटलेला ससा. शेंगकाका आणि दोघंतिघं मिळून ती जंगलात झाडांआड, उतारावर, ओढ्यापलीकडे अशी बसवून यायचे आणि चार रविवार आम्ही गटागटाने वाट तुडवत त्यांच्यावर नेम धरायचो. वर्मावर आखलेल्या वर्तुळात लागला तर दहा गुण, नुसता अंगाला लागला तर पाच. सगळेजण त्याला शिकारीचा हंगामच म्हणायचे आणि वर्षभर त्याची वाट बघायचे. शेवटी लहानथोर सगळ्यांचे नंबर खोलीतल्या एकाच फलकावर लागायचे, आणि आदल्या वर्षी मी त्यात मुलांमध्ये दुसरी आले होते. यंदा पहिली येणार हे मी ठरवून टाकलं होतं.

आई क्लबात आली ती माझ्याच चुकीमुळे. एका शनिवारी बोटांना लावायचं चामडं मी घरी विसरले आणि ती ते घेऊन चालत आली. अंगावर घरातला पंजाबी ड्रेस, वर बाबांचं जॅकेट. मी तिच्या हातून चामडं घेऊन तिला वाटेला लावणार एवढ्यात शेंगकाकांनी तिला कॉफी विचारली. ती बसली. बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "हे मला जमेल का गं?" मी म्हटलं, "आई, तुझा हात वर तरी जातो का?" मी ते मराठीत म्हटलं, पण तिने खांद्याला लावलेला हात शेंगकाकांनी बघितला. ते आत गेले आणि कपाटातून एक जुना क्रॉसबो घेऊन आले. लाकडी दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, बंदुकीला असतो तसा घोडा, आणि दोरी ताणायला बाजूला एक फिरवायचं हँडल. हँडल डाव्या हाताने फिरवता येत होतं. पुढचा भार टेकवायला त्यांनी एक दुबेळकं असलेली काठी जमिनीत रोवली. आई स्टुलावर बसली, दस्ता खांद्याशी टेकवला, आणि एकदम गप्प झाली. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. पहिला बाण लक्ष्याच्या वरून गेला. दुसरा कडेला. तिसरा मधोमध. चौथा त्या तिसऱ्याला खेटून.

"मोय," शेंगकाका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. त्या एका दुपारी तीनदा म्हणाले.

त्या दिवसापासून आई दर शनिवारी यायला लागली. मला क्रॉसबोला हात लावायची परवानगी नव्हती. अठरा वर्षांखालच्यांनी तो हाताळायचा नाही असा क्लबचा नियम होता, आणि माझ्या आईच्या हातात असलेली वस्तू मला निषिद्ध आहे ही गोष्ट मला रोज नव्याने टोचायची. मी तीन वर्षं बोटं सोलून घेतली होती, पाठ सरळ ठेवून दोरी हनुवटीपर्यंत ओढायची आणि हात थरथरू न देता धरून ठेवायची हे शिकण्यात दोन हिवाळे घालवले होते. ती आली, स्टुलावर बसली, आणि घोडा दाबला. बरं, ते तेवढं सोपं नव्हतं हे मला तेव्हाही दिसत होतं. तिचा श्वास कसा थांबायचा, घोड्यावरचं बोट किती हळू मिटायचं, हे मी लपून बघायचे आणि जळायचे. त्याहून जास्त जळायचे ते नंतरच्या कॉफीच्या वेळी. आई शेंगदाण्याचे लाडू करून आणायची. क्लबातली माणसं, ज्यांनी मला तीन वर्षांत हवापाण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, ती तिच्याभोवती बसायची. ती चार डच शब्द, दोन इंग्रजी आणि दोन्ही हात, म्हणजे दीड हात, एवढ्यावर इचलकरंजीच्या गोष्टी सांगायची आणि ती माणसं हसून लालबुंद व्हायची. क्लबातलीच, आमच्या शेजारची ट्रूस, बेकरीवाल्याची विधवा, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई, तिच्याशी तर आईची अशी गट्टी जमली की दोघी हातात हात घालून घरी यायच्या. ट्रूस तिला तांदळाची फ्लाय आणून द्यायची. फ्लाय म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला तिकडचा गोल, सपाट केक. आई म्हणायची, "अगं, ही तर खीरच आहे, पोळीत घातलेली." एकदा एका नव्या माणसाने ट्रूसला माझ्याबद्दल विचारलं. ट्रूस म्हणाली, "ही? ही फार्शाची मुलगी." आईचं नाव वर्षा, तिकडच्या तोंडी फार्शा. तीन वर्षं मी तिथे रुजू होते. तीन महिन्यांत मी फार्शाची मुलगी झाले.

हंगाम जवळ आला तसा प्रश्न निघाला की आईला जंगलात येऊ द्यायचं का. नियमात लिहिलं होतं की शिकारीत फक्त हाताने ताणलेलं धनुष्य चालेल. मैदानावर कोणी काहीही चालवा, पण हंगाम धनुष्याचा. शेंगकाका म्हणाले, सभेत विचारू. मग दोन आठवडे कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. ट्रूसचा भाऊ कॅनडात खरीखुरी हरणं मारायचा. ती सांगायची की तिकडेही शिकारी याच गोष्टीवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. धनुष्यवाल्यांचं म्हणणं, आम्ही दोरी ओढून, दम धरून उभे राहतो, म्हणून आम्हाला वेगळा हंगाम दिलाय. क्रॉसबो आधीच ताणलेला असतो, त्याला दुर्बीणही लावता येते, मग तो आणि बंदूक यांत फरक काय राहिला? आणि दुसऱ्यांचं म्हणणं, म्हातारा झालो, खांदा गेला, म्हणून जंगलही सोडायचं का? मला दोन्ही बाजू समजायच्या. मला फक्त माझी बाजू कोणती ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं.

सभा रविवारी सकाळी होती. आदल्या दिवशी आईने खेमेन्टेच्या एका जुन्या पाकिटाच्या मागे मराठीत चार मुद्दे लिहिले. डचमध्ये स्वतः बोलायचा तिला धीर नव्हता, एवढ्या लोकांपुढे. जेवणाच्या टेबलावर तिने मला ते दोनदा वाचून दाखवले. पहिला, माझा खांदा असा आहे, म्हणून मला हेच एक शस्त्र चालवता येतं. दुसरा, मी तुमच्यापेक्षा दहा पावलं मागे उभी राहीन. तिसरा, मी गटात सगळ्यांच्या शेवटी बाण सोडेन, कोणाचा खोळंबा होणार नाही. आणि चौथा, माझे गुण मांडूच नका. मला नंबर नको, मेडल नको, फलकावर नाव नको. मला फक्त तुमच्याबरोबर जंगलात चालायचंय. बाबा म्हणाले, "चौथा मुद्दा ऐकून कोण नाही म्हणणार?" आई खूश झाली. मी मान हलवली.

क्लबाची खोली भरली होती. आईने आजीची निळी शाल पांघरली होती आणि ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती, पाकीट हातात धरून. तिच्याआधी काहीजण बोलले. कोणीही वाईट बोललं नाही, हे मला मुद्दाम लिहायला हवं. ट्रूस उठली आणि म्हणाली, "फार्शा माझी मैत्रीण आहे, आणि तरी मी हात वर करणार नाही, आणि ते मी तिच्या तोंडावर सांगते. फार्शा दोन-तीन महिन्यांत असा नेम मारायला लागलीय की वर्षानुवर्षं धनुष्य ओढणारे तिच्यापुढे टिकणार नाहीत. आपल्या पोरांचंच बघा. मेहनतीने वर आलेल्या पोरांचे नंबर असे जाऊ द्यायचे?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दयेने बघितलं. माझे कान तापले. ट्रूस माझीच बाजू घेत होती, पण ती घेताना तिने भर सभेत सांगून टाकलं होतं की आई माझ्यापेक्षा चांगली आहे.

"बोल," आई पुटपुटली, आणि तिने पहिला मुद्दा वाचला. मी तो डचमध्ये सांगितला. खांद्याबद्दल मी चांगलं बोलले, तिच्या "आई गं" बद्दलही बोलले, आणि एका बाईचे डोळे भरून आले. दुसरा मुद्दा सांगितला. तिसरा सांगितला. मग आईने चौथा वाचला, आणि वाचताना तिने पाकिटावरून मान वर करून सगळ्यांकडे हसून बघितलं, जणू भेट हातात ठेवतेय. सगळे माझ्याकडे वळले. मी भराभर म्हणाले, "ती म्हणते, ऐकून घेतल्याबद्दल तुमचे सगळ्यांचे आभार."

ते वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. हे मी कितीतरी वेळा स्वतःला तपासून विचारलंय. पण ते अडखळतही आलं नाही, हे त्याहून खरं आहे. माझ्या तोंडून बाहेर पडलेलं ते त्या दिवशीचं सगळ्यात सफाईदार डच वाक्य होतं.

हात वर झाले, मोजले गेले, आणि आई दोन मतांनी हरली. शेंगकाकांचा हात वर होता. ट्रूस स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

पेअरच्या बागेतल्या वाटेने आम्ही दोघी घरी आलो. पडलेली फळं सडून गोडसर वास सुटला होता आणि आई त्यांच्यामधून पाय चुकवत चालत होती. मग तिने विचारलं, "गुणांचं सांगितलंस ना नीट?"

"सांगितलं."

"म्हणजे गुण नको म्हटलं, तरी नको?"

मी पायाने एक सडकं पेअर बाजूला ढकललं. ती थांबली, मागे वळून क्लबाच्या छपराकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग त्यांना मी नकोय गं. क्रॉसबोचा काय संबंध."

पुढच्या शनिवारी ती आली नाही. शेंगकाकांनी दाराकडे दोनदा बघितलं आणि मला काही विचारलं नाही. मी त्या दुपारी फार सुंदर नेमबाजी केली आणि त्यांनी एकदा मान हलवली. शिकारीच्या पहिल्या रविवारी मी सगळ्या मुलांच्या पुढे होते. दुसऱ्याही. जे हवं होतं ते सगळं मला परत मिळालं होतं, जागा, नाव, काकांची मान. आणि घरी आई ट्रूसला ओळख दाखवेनाशी झाली होती. ट्रूस कुंपणावरून "फार्शा!" अशी हाक मारायची आणि आई कपडे वाळत घालायचे सोडून आत यायची. ट्रूसने दाराशी ठेवलेली फ्लाय दोन दिवस ओट्यावर तशीच राहिली, वर बारीक भेगा पडल्या, आणि मग आईने ती कचऱ्यात टाकली. अन्न टाकताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "गोड बोलतात," ती बाबांना म्हणाली, "आणि पाठीला हात लावून बाहेर काढतात." तिने डचची वही मिटून ठेवली. आणि एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आपण ॲमस्टरडॅमजवळ आल्मेरेला जाऊया. तिथे मोठी घरं मिळतात, आपली माणसं आहेत, गणपती बसवतात. इथे मी कोणाशी बोलू?" बाबांनी आधी हसण्यावारी नेलं. आठवड्याभराने ते लॅपटॉपवर ॲमस्टरडॅमच्या नोकऱ्या बघत होते.

पश्चात्तापाने मला बोलायला लावलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं कारण आल्मेरे होतं. क्लब सुटणार म्हणून मी घाबरले. पश्चात्ताप नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

शनिवारची दुपार होती, आणि मी क्लबला गेले नव्हते. आई टेबलाशी बसून थालीपिठाचं पीठ मळत होती, डाव्या हाताने. बाजूला कांदा चिरलेला, कुकरची एक शिट्टी झालेली. मी समोर उभी राहून सांगितलं, मराठीत, कारण डचमध्ये ते फार सहज आलं असतं. "आई, चौथा मुद्दा मी सांगितलाच नव्हता."

तिचा हात पिठात थांबला. "विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"सगळे म्हणत होते तू माझ्यापेक्षा चांगली आहेस म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मारेल. मी तयार होते, खरं तर मला ते हवं होतं. तिने विचारलं ते वेगळंच. "म्हणजे ट्रूसला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"सहा आठवडे मी त्या बाईला तोंड दाखवलं नाही रुजू. तिची फ्लाय मी कचऱ्यात टाकली."

तिने गॅस बंद केला. हात धुतले, पण बोटांच्या बेचक्यात पीठ तसंच राहिलं. बाबांचं जॅकेट घातलं. मी माझं जॅकेट काढायला धावले, "थांब, मी येते, तुला बोलता—"

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझी भाषा नको मला आज."

ती दोन तास ट्रूसकडे होती. मी खिडकीत उभी राहून शेजारच्या बंद दाराकडे बघत होते. त्या चार शब्दांत आणि दीड हातात तिने काय सांगितलं, किती सांगितलं, माझ्याबद्दल काय सांगितलं, मला कधीच कळलं नाही. एकदा आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, आणि मला, इतकं सगळं करून बसलेल्या मला, त्या हसण्याचाही हेवा वाटला.

आईने मला शिक्षा केली नाही. तिने फक्त एवढंच सांगितलं की शेंगकाकांना तूच सांगायचंस. मी सांगितलं. ते बाणांना पिसं चिकटवत होते. ऐकताना त्यांनी हातातलं पीस सोडलं नाही, डिंक वाळेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग म्हणाले, "अर्ध्या प्रश्नावर घेतलेलं मत हे मत नसतं. पुन्हा विचारावं लागेल. आणि ते मी नाही विचारणार." म्हणून हंगामाच्या शेवटच्या रविवारी, जंगलात निघण्याआधी, त्याच खोलीत मी उभी राहिले आणि राहिलेलं वाक्य सांगितलं. का राहिलं होतं तेही सांगितलं. कॉफीच्या मशीनचा आवाज येत राहिला. मग आई उठली. तिने हातात काही घेतलं नव्हतं. ती डचमध्ये बोलली, क्रियापदं चुकीच्या जागी, शब्दांची लिंगं उलटीसुलटी, एका शब्दाला अडली तेव्हा मी तो ओठांत पुटपुटले, पण ती माझ्याकडे वळली नाही, ट्रूसकडे वळली, आणि ट्रूसने तो तिला दिला. ती म्हणाली, "मला गुण नको. मला वाट हवी." हात वर झाले ते मोजायची गरज पडली नाही. ट्रूसने दोन्ही केले.

त्यानंतर आईने मला कधी, कुठेही भाषांतर करायला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे ती एकटी गेली. पालकसभेत ती एकटी बोलली आणि घरी येऊन मला माझ्या तक्रारी स्वतः ऐकवल्या. ज्या धरण्याचा मला वैताग यायचा तो कोपरावरचा हात उठला तो उठलाच, आणि रस्त्यात डच शब्द अडला की ती ट्रूसला फोन लावायची. आता ती थकलीय, अजून त्याच गावात राहते, आणि मी भेटायला गेले की बेकरीपर्यंत काठी टेकत माझ्याबरोबर येते. काउंटरवर मी तोंड उघडायच्या आत तिची ऑर्डर देऊन झालेली असते.

पण त्या रविवारचं राहिलं. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि आई, ट्रूस आणि मी एकाच गटात आलो. जंगलात धुकं होतं, बीच झाडांची पानं पायाखाली ओली चपटी झाली होती, आणि आई पुढे चालत होती, क्रॉसबो ट्रूसच्या खांद्यावर, दुबेळक्याची काठी आईच्या हातात. प्रत्येक जनावरापाशी आम्ही आधी बाण सोडायचो, मग ती दहा पावलं मागे जायची, काठी रोवायची, हँडल फिरवायची, आणि तिचा श्वास थांबायचा. ट्रूस आमचे दोघींचे गुण कागदावर मांडायची आणि आईच्या बाणाच्या वेळी पेन्सिल कानामागे खोचायची. ठरल्याप्रमाणे. हरीण, ससा, ओढ्यापलीकडचा कोल्हा, उतारावरचं रानडुक्कर, अशी बारा जनावरं. त्या दिवशी मी आजवरची माझी सगळ्यात चांगली फेरी मारली आणि हंगामात मुलांमध्ये पहिली आले. खोलीत परतल्यावर शेंगकाकांनी माझं नाव फलकावर लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने सगळ्यात जोरात, मांडीवर, एका हाताने.

घरी येताना ट्रूस पुढे होती आणि आम्ही दोघी मागे. मला ते पोटात ठेवता आलं नाही. आणखी एक गोष्ट मला न सांगता ठेवायची नव्हती. मी म्हणाले, "आई, आज तू माझ्यापेक्षा पंधरा गुणांनी पुढे होतीस. कोणी लिहिलं नाही, पण मी मनात मोजत होते."

आईने चालण्याचा वेग कमी केला नाही.

"वीस," ती म्हणाली. "त्या कोल्ह्याचा बाण वर्तुळाच्या रेषेला टेकला होता. रेषेला टेकला की आतला धरतात."

आणि ती ट्रूसला गाठायला भराभर पुढे निघून गेली.